टायटल क्लिअर आहे का?

एकतीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यातली बरीचशी तारणाच्या टेबलावर. कुणी घर गहाण ठेवायला आला, कुणी शेत, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: हे तुमच्याकडे आलं कसं? खरेदीने, वारसाने, वाटपाने की बक्षीसपत्राने? मग वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचा मागचा तीस वर्षांचा माग, फेरफार, सातबारा, आठ-अ. मधला एक दुवा निसटला की फाइल परत. समोरचा माणूस कितीही भला असो, त्याच्या पणजोबांनी गाव वसवलेलं असो, वकिलाचा 'टायटल क्लिअर', म्हणजे मालकी निर्वेध, असा शेरा नसेल तर फाइल साहेबांच्या टेबलावर जायचीच नाही. निवृत्तीनंतर ही विद्या कुठे कामी येईल असं वाटलं नव्हतं. आली, आणि तीही न्यू जर्सीत, नातीच्या परीक्षेला.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे एडिसनला होते. नात सोळा वर्षांची, डोक्यावर एसएटीचं, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचं, ओझं. तेव्हा ती परीक्षा कागदावर व्हायची. वाचनाच्या भागात ६५ मिनिटांत ५२ प्रश्न. एक उतारा ललित, काही विज्ञानाचे, एखादा समाजशास्त्राचा, आणि एक हमखास इतिहासाचा. म्हणजे अमेरिकेच्या स्थापनेच्या वेळची कागदपत्रं, नाहीतर त्यातून पुढे जो वाद पेटला त्यातलं कुणाचं भाषण, पत्र, पुस्तकाचं पान. बर्क, पेन, लिंकन, बायकांच्या हक्कांसाठी लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट ही तिथली नेहमीची मंडळी. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी पोर या एका उताऱ्यापाशी दर वेळी आपटायची.

"आजी, हे लोक एक वाक्य संपवायला अर्धं पान घेतात."

तक्रार खरी होती. पण ज्यांनी जुनी खरेदीखतं वाचली आहेत, 'लिहून देणार' पासून 'सदर मिळकतीस कोणाचा हिस्सा अगर हरकत नाही' पर्यंत एका दमात, त्यांना बर्कची काय भीती?

एका दुपारी तिचे चुकलेले प्रश्न घेऊन आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. पण सात-आठ उतारे वाचल्यावर तिच्या चुकांचं एक वळण दिसायला लागलं. शब्द तिला कळत होते. चुकत होती ती क्रियापदाशी. चार पर्यायांपैकी ज्यात 'सरकार हक्क देतं' असं काही असेल, त्याच्यावर ही खूण करून मोकळी. आणि तिचं तरी काय चुकलं? शाळेत ती शिकली होती की १७९१ मध्ये घटनेला दहा दुरुस्त्या जोडल्या आणि लोकांना हक्क मिळाले, १९२० मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला. आपणही तसंच बोलतो. मिळाला, दिला, बहाल केला. रेशन मिळावं तसा हक्क मिळतो.

मी तिला म्हटलं, तुमचा तो ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा काढ. तो तिला पाठ होता, आणि पाठ असल्यामुळेच तिने तो कधी वाचला नव्हता. दुसरा परिच्छेद सावकाश वाचायला लावला. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत; निर्मात्याने त्यांना काही हक्क दिले आहेत, जे त्यांच्यापासून वेगळे करता येत नाहीत; जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे त्यांपैकी. आणि मग ते वाक्य, ज्याच्यावरून लोक घाईने पुढे जातात: हे हक्क सुरक्षित राखण्यासाठी माणसं सरकारं स्थापन करतात.

"राखण्यासाठी," मी म्हटलं. "देण्यासाठी नाही. सरकार इथे कोण आहे सांगू? तलाठी."

तलाठी म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं, ते सांगताना माझा अर्धा तास गेला आणि मजाही आली. सातबाऱ्यातल्या गाव नमुना सातचं नावच 'अधिकार अभिलेख पत्रक'. सहा नंबरचा नमुना 'हक्काचे पत्रक'. एवढी भारदस्त नावं असूनही बँकेत नवीन लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की फेरफाराच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही. नोंद महसुलासाठी असते. मालकी आधीची असते, खरेदीखतातून किंवा वारसाने आलेली. तलाठ्याने नोंद केली नाही म्हणून शेत तुमचं नाही असं होत नाही, आणि चुकून शेजाऱ्याच्या नावावर केली म्हणून ते शेजाऱ्याचंही होत नाही. नैसर्गिक हक्क मानणारे सगळे लेखक हेच सांगत असतात. हक्क आधीचा. सरकार दप्तर सांभाळणारं. दप्तर खोटं निघालं तर दप्तर बदला. जाहीरनाम्यात पुढे राजावर आरोपांची लांबलचक यादी आहे, ती म्हणजे एका मुजोर तलाठ्याविरुद्ध केलेला तक्रार अर्जच.

"मग मूळ मालक कोण?" नातीने विचारलं. परीक्षेच्या पलीकडचा पहिला प्रश्न.

त्याचं उत्तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये देऊन ठेवलं होतं: प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा मालक आहे. बाकीची मालकी या मालकीतून निघते. (याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. तारणाच्या टेबलावर बसलं की माणसं बोलतात एक आणि गुंतवतात भलतीकडे, याचं नवल उरत नाही.)

आता तो अवघड शब्द, ज्याला मराठीत 'अविच्छेद्य' किंवा 'अहस्तांतरणीय' असं काहीतरी म्हणतात. हे दोन्ही शब्द ऐकून नातीचा चेहरा होता तसाच राहिला. मी म्हटलं, ज्याचं हक्कसोडपत्र करता येत नाही तो हक्क. आणि बोलून बसले.

"हक्कसोडपत्र म्हणजे?"

म्हणजे वडील गेल्यावर बहिणींनी भावाच्या नावाने लिहून द्यायचा कागद. आमची भोरकडची जमीन, तीन भातखाचरं आणि थोडी वरकस. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं, आणि पुढच्या सोमवारी आम्ही दोघी बहिणी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठे आणि सह्या देऊन आलो. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. भावाने येताना मिसळ खाऊ घातली. मी दिवसभर दुसऱ्यांची टायटलं तपासणारी बाई, मजकूर वाचलासुद्धा नाही. तो मला पाठ होता. 'कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने.'

नातीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तुझा हक्क होता आणि तू सोडलास?"

"जमिनीचा सोडता येतो."

"आणि न सोडता येणारा?"

"तो सही केल्यावरही माझ्याकडेच होता," मी म्हटलं. हे उत्तर परीक्षेला पुरेसं होतं. तिला पुरलं नसावं.

पुढे आली बर्क आणि पेन यांची जोडी. दोन उतारे, एकमेकांवर उलटलेले. सराव परीक्षांमधली ही लाडकी भानगड. फ्रेंच राज्यक्रांती झाली, १७९० मध्ये ब्रिटिश संसदेतल्या एडमंड बर्कने तिच्यावर मोठं टीकेचं पुस्तक लिहिलं आणि १७९१ मध्ये टॉमस पेनने त्याला उत्तर दिलं. बर्कचं म्हणणं, आम्हा इंग्रजांची स्वातंत्र्यं ही पूर्वजांकडून आलेली आणि वंशजांकडे सोपवायची ठेव आहे. त्यासाठी तो शब्द वापरतो तो जमीनजुमल्याचाच: अशी इस्टेट, जी वारसाकडे जाते, विकता येत नाही. वर तो हेही सांगतो की तिला दुसऱ्या कुठल्या आधीच्या किंवा व्यापक हक्काचा आधार लागत नाही.

हे वाचताच मला आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक आठवली. आमचं घराणं कुलकर्ण्यांचं. ट्रंकेत मोडीतले कागद होते, आणि आजोबा त्यातला एक वाचून दाखवायचे त्यात 'हक्क' हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. लहानपणी वाटायचं, केवढे स्वातंत्र्यप्रेमी पूर्वज! हक्क होते ते असे: पिकातला अमुक वाटा, तेल्याकडून तेल, चांभाराकडून वर्षाला जोडा, सणाला अमुक मान. जुन्या दप्तरांतला 'हक्क' हाच. हक्क-लवाजमा, मानपान, वतन. अरबीतून आपल्याकडे आलेला हा शब्द कित्येक पिढ्या वतनदाराच्या पदरात बसून होता. हक्क कुणाचा, तर अमक्या घरात जन्मलेल्याचा. बर्कला त्या ट्रंकेतला कागद दाखवला असता तर भाषांतराशिवाय समजला असता.

मला बर्क अगदीच टाकाऊ वाटत नाही, हेही सांगते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने उभं राहिलेलं एका रात्रीत मोडू नका, समाज हा जिवंत माणसं, मेलेली माणसं आणि अजून जन्मायची माणसं यांची भागीदारी आहे, हे तो म्हणतो तेव्हा माझ्यातली कारकून मान डोलावते. कागद जपणाऱ्या माणसाला जुन्या कागदाची माया असतेच.

पण पेनने जे केलं ते बघून मी खुर्चीत सरसावून बसले. तो म्हणतो, पूर्वीचे दाखले देऊन हक्क सिद्ध करणाऱ्या लोकांची चूक ही की ते पुरेसे मागे जात नाहीत. शंभर वर्षं मागे जातात, हजार वर्षं जातात, आणि मधल्याच एका टप्प्यावर थांबून त्याला प्रमाण मानतात. जायचंच तर पार मुळापर्यंत जा, माणूस निर्मात्याच्या हातून निघाला तिथपर्यंत. तिथे त्याच्याजवळ एकच पदवी होती, माणूस. मी नातीला म्हटलं, याने बर्कचा सर्च रिपोर्ट अपुरा म्हणून परत पाठवलाय. तीस वर्षांचा सर्च चालणार नाही, मूळ मालकापर्यंतचा आणा. आणि त्याचं ते दुसरं वाक्य: माणसाची माणसावर मालकी नसते, आणि एका पिढीची पुढच्या पिढ्यांवरही नसते.

इथून पुढे नातीचं तिलाच जमायला लागलं. उतारा हातात आला की समासात एवढंच लिहायची: 'कुठून आला?' राजाकडून, पूर्वजांकडून, कायद्याकडून, की माणूस असण्यातून? हे एकदा ठरलं की अकरा प्रश्नांतले निम्मे आपोआप उलगडायचे, कारण प्रश्न काढणाऱ्यांचे चुकीचे पर्यायही याच चार दारांतून आत येतात. वुलस्टनक्राफ्ट नव्याने काही मागत नाही, असलेल्या हक्काची नोंद का नाही विचारते. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला जमलेल्या बायकांनी जुन्याच जाहीरनाम्याच्या त्या वाक्यात, जिथे माणसांसाठी इंग्रजीत 'मेन' म्हणजे पुरुष हाच शब्द आहे, त्याच्या पुढे 'आणि स्त्रिया' घातलं. फेरफारात राहून गेलेलं नाव चढवावं तसं. नातीनेच मध्ये शंका काढली की हा निर्मात्याचा कागद पाहिलाय कुणी? तिला सांगितलं की इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमनेही हेच विचारलं होतं, आणि नैसर्गिक हक्कांना काठ्यांच्या पायांवर चढलेली निरर्थक बडबड म्हटलं होतं. आमचे एक साहेब असेच होते. कागद दाखवा, नाहीतर उठा.

या सगळ्यांत मला जिने खिशात घातलं ती अँजेलिना ग्रिम्की. हिचं नावही मी आधी ऐकलं नव्हतं. साउथ कॅरोलायनातल्या, गुलाम बाळगणाऱ्या घरातली मुलगी. घर सोडून गुलामगिरीविरुद्ध जाहीर भाषणं करू लागली. १८३७ मध्ये कॅथरीन बीचरने तिला उद्देशून पुस्तक लिहिलं: बाईने असं चव्हाट्यावर येऊ नये, देवाने तिला दुय्यम जागा दिली आहे, तिचं वजन घरातून, गोडीने पडावं. (हा सूर मराठी घरांत वाढलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.) ग्रिम्कीने पत्रांतून उत्तर दिलं. माणसाला हक्क आहेत ते तो नैतिक जीव आहे म्हणून, आणि सगळ्यांचा हा स्वभाव सारखा म्हणून हक्कही सारखे. गुलामाकडून ते हिसकावता येतात, पण त्याच्यापासून तुटत नाहीत. आणि पुढे अक्षरशः हा शब्द येतो: त्याचं स्वतःवरचं टायटल आजही लायमन बीचर यांच्याइतकंच पूर्ण आहे. लायमन बीचर कोण? कॅथरीनचे वडील, नावाजलेले धर्मोपदेशक. बाई, तुझ्या वडिलांच्या देहावर त्यांची जेवढी मालकी, तेवढीच शेतात राबणाऱ्या त्या गुलामाची त्याच्या देहावर!

मी ते वाक्य तीनदा वाचलं. टायटल हा शब्द मी आयुष्यभर किती हजार वेळा लिहिला असेन, तो असा वापरता येतो हे पासष्टाव्या वर्षी कळलं. पुढे ती सांगते की गुलामाच्या हक्कांचा तपास करता करता मला माझे स्वतःचे हक्क नीट समजले. यावर नातीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचा हिशेब मात्र सांगायला हवा. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, तो कर्जबाजारी मेला, आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलोच्या घरी गुलामांचा लिलाव झाला. कर्जवसुलीचा लिलाव मी पाहिला आहे. ट्रॅक्टर, म्हशी, एकदा एका गिरणीचं पातं. त्या वाक्याचा लेखक आणि तो लिलाव एका डोक्यात मावत नाहीत, आणि नातीला तर मुळीच मावले नाहीत. १८५२ मध्ये ५ जुलैला, स्वतः गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस रॉचेस्टरमधल्या भाषणात याच मुद्द्यावर विचारतो: माणूस आपल्या देहाचा मालक आहे हे आता मी तुम्हाला सिद्ध करून दाखवायचं? तुम्हीच तर ते जाहीर करून बसलाय!

अमेरिकेतला हा वाद आपल्याकडे आला होता, हे मी नातीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. ज्या १८४८ मध्ये सेनेका फॉल्स, त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जोतीराव तरुणपणीच पेनचं ते पुस्तक वाचून बसले होते. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात निर्मिकाने माणसाला जन्मतः स्वतंत्र केलं, सारख्या हक्कांचा उपभोग घ्यायला समर्थ केलं, असं आहे. वतनाच्या पदरातला तो 'हक्क' शब्द इथे उठून बाहेर येतो. ट्रंकेतला हक्क आणि हा हक्क, अक्षरं तीच.

आपल्याकडे गोम 'जन्म' या शब्दात आहे. टिळकांच्या वाक्यामुळे 'जन्मसिद्ध हक्क' आपल्या तोंडी रुळला. पण आमच्या आजोबांचं तेल आणि जोडाही जन्मसिद्धच होता की. कुठल्या जन्माने सिद्ध, माणसाच्या की कुलकर्ण्याच्या, एवढंच विचारायचं राहतं.

आमच्या गावावरून पुढे गेलं की वरंधा घाट, आणि घाट उतरलं की महाड. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलंही. बँकेच्या भाषेत, नोंद झाली, ताबा नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक ताबा घ्यायला चालत गेले आणि पाणी प्यायले. त्याच डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा तिथे मांडला गेला. म्हणजे पेन आणि बर्क ज्यावरून भांडले तेच, घाटाखाली, मराठीत.

नातीला शेवट ऐकायचा होता. स्पृश्यांनी दावा लावला, तो दहा वर्षं चालला. त्यांचा मुद्दा वहिवाटीचा: आमच्याखेरीज कुणी हे पाणी अनादिकाळापासून भरलेलं नाही. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती तेच. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

"कारण ती माणसं होती म्हणून?"

"नाही. अनादिकाळची वहिवाट वाद्यांना शाबीत करता आली नाही म्हणून."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजी, दॅट्स अ बर्क आन्सर." जिंकले पेनवाले, पण कोर्टाने सर्च मागितला तो बर्कच्या नियमाने, आणि तो नेमका समोरच्यांचाच अपुरा निघाला. मी एकतीस वर्षांत इतका सुबक शेरा लिहिला नव्हता.

परीक्षा झाली, मार्क बरे पडले, ती आता दुसऱ्याच गावी नोकरी करते. एसएटी आता संगणकावर होते आणि उतारे चार-सहा ओळींचे झालेत म्हणे. बर्कला तेवढ्यात धड श्वाससुद्धा घेता यायचा नाही.

दर वर्षी मार्गशीर्षात भाऊ इंद्रायणी तांदळाचं एक पोतं पाठवतो. त्याच खाचरांतला. परवा नातीचा फोन आला तेव्हा मी तेच निवडत बसले होते. तिने विचारलं, हे पोतं काय आहे, आजी? वारसा, बक्षीस की मानपान? मी ताटातला खडा बाजूला केला आणि तिला सांगितलं की यंदा पाऊस वेळेवर झाला, तांदूळ मऊ शिजतोय.